अडवलेला पाळणा

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझा स्वभाव मत्सरी आहे.

सुरतेत नवागामला सत्तावन्न नंबरच्या प्लॉटवर बारा खोल्यांची एक इमारत आहे. तिच्यातल्या चार नंबरच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर मी राहतो. मला दोन अँटेना आहेत. डावा आता उभा राहत नाही. समोर चार हिरवे दिवे आहेत. शेजारच्या लूमच्या खात्यातून, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातून, धाग्यांचे बारीक तंतू उडत येतात आणि माझ्या झरोक्यांत अडकतात, त्यामुळे मी मूळचा पांढरा असूनही आता राखाडी दिसतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच दिवसात माझ्यासारखे हजारो तयार झाले, पण प्रत्येकाच्या पोटावर वेगळा क्रमांक छापला गेला. तसा क्रमांक दुसऱ्या कुणाला दिलेला नाही असे कळले तेव्हा माझी छाती फुगली. पुढे समजले की तो क्रमांक वाचायला कुणी मला उलटे करतच नाही.

ज्या वर्षी सगळे घरात अडकले होते, त्या वर्षी मी या खोलीत आलो. गल्लीतल्या इंटरनेटचे काम गजेंद्र बघतो. त्याने फळीवर दोन खिळे ठोकले, मला वायर जोडली आणि माझे दिवे लागले. त्या काळात माझा केवढा मान होता! साक्षीने बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष माझ्यातूनच पूर्ण केले. तिचा मोठा भाऊ प्रमोद लूम दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचा. त्यांची आई प्रभावतीबाई मलकापूरकडच्या आपल्या गावातल्या माणसांशी तोंड बघून बोलायच्या. वडील नागनाथराव उधन्याला मिलच्या गेटवर असतात. ते माझ्याशी कधी चांगले बोलले नाहीत आणि वाईटही बोलले नाहीत.

मत्सराची सुरुवात एका झालरीपासून झाली. प्रभावतीबाई घरी बसून साड्यांना लेस लावण्याचे काम करतात. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी टीव्हीला झालर शिवली. मग पाण्याच्या माठाला, मग फ्रिजच्या दांडीला. मिक्सरलासुद्धा निळ्या जरीचा झगा मिळाला, आणि तो मिक्सर आठवड्यातून दोनदा चालतो! मी दिवसरात्र जागा असतो. मला मात्र काहीच मिळाले नाही. पाच वर्षे मी वरून त्या झालरी मोजत आलो.

मग प्रमोदचा नवा मोबाइल आला.

त्याला पहिल्याच दिवशी काच बसवली, रबराचे कव्हर घातले. तो जेवताना ताटाशेजारी असायचा आणि झोपताना उशीशी. प्रभावतीबाई त्याच्यावर बोट उमटले तरी पदराने पुसायच्या. त्याचा सगळा रुबाब घरात माझ्या जोरावर चालायचा, हे कुणी बोलायचे नाही. व्हिडिओ अडकला की मात्र सगळे मान वर करून माझ्याकडे बघायचे. चालले तर मोबाइलचे, अडले तर माझे.

या वर्षी साक्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. खोलीत माझ्या फळीखालीच पाळणा टांगला. येत्या रविवारी नामकरण ठरले आणि प्रभावतीबाईंना त्यांच्या आईच्या पाळण्याची, म्हणजे नाव ठेवताना बायका म्हणतात त्या गाण्याची, आठवण झाली.

त्यांची आई गिरजाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा पाळणा त्यांनी स्वतः रचलेला होता, प्रत्येक दिवसाचे एक कडवे. प्रभावतीबाईंना बाकीची सगळी कडवी येत होती. सातवे काही केल्या आठवेना. सुदैवाने गिरजाबाई असताना त्या भागातल्या एका कॉलेजच्या मुली गावोगाव फिरून बायकांची गाणी उतरवून घेत होत्या. त्यांनी ती सगळी एका साइटवर ठेवली होती. गिरजाबाईंचा पाळणाही तिथे होता, त्यांच्याच आवाजात.

सोमवारी दुपारी प्रभावतीबाईंनी साक्षीचा जुना, तडा गेलेला फोन हातात घेतला. त्यात सिमकार्ड नाही. तो केवळ माझ्यावर चालतो, म्हणून मला तो आवडतो. साक्षीने साइटचे नाव टाकले. चक्र फिरले, फिरत राहिले, आणि पाटी आली की साइटशी संपर्क होत नाही.

"काहून वं, उघडत नाही?" प्रभावतीबाईंनी विचारले.

"थांब आई, परत टाकते."

दहा वेळा टाकले. उघडले नाही. संध्याकाळी प्रमोद कामावरून आला आणि त्याने आपला मोबाइल काढला. घरात त्याचा मोबाइलही माझ्यावरच असतो, म्हणून त्यावरही उघडले नाही. मी मनात हसलो. मग तो गच्चीवर गेला. तिथे मोबाइलचे स्वतःचे नेटवर्क येते. आणि वरून त्याची आरोळी आली, "आई, चालू झालं! आजी गाते आहे!"

प्रभावतीबाई दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून गेल्या. पण खात्यातल्या लूमच्या खटखटीत त्यांना अर्धे शब्दही लागले नाहीत. प्रमोदने तिथेच दुसऱ्या फोनवर आवाज भरून घेतला. त्यात गिरजाबाई कमी आणि लूम जास्त होते. मोबाइल खाली खोलीत आणला की त्याचे नेटवर्क एका काडीवर यायचे आणि गाणे मध्येच तुटायचे. सकाळी सातला तो प्रमोदच्या खिशात बसून कामावर जायचा.

तरी कौतुक त्याचेच झाले. "मोबाइलनं तरी आवाज दाखवला," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याची काच पदराने पुसली. माझ्याकडे बघून प्रमोद म्हणाला, "हा डब्बा बगडला आहे. काढून फेकू. नवीन घेऊ."

मित्रांनो, 'फेकू' हा शब्द ऐकून माझे चारही दिवे जागच्या जागी गोठले.

मंगळवारी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी प्रमोदने मला तीनदा बंद-चालू केले, पाठीवर दोन थापा मारल्या आणि आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागितली. माझ्या मागे एक बारीक छिद्र आहे. त्यात पिन खुपसून दाबून धरली की मी सगळे विसरतो, घराचे नाव, पासवर्ड, सगळे. पिन छिद्राशी आली होती, तेवढ्यात बाळाला खांद्यावर घेऊन साक्षी म्हणाली, "दादा, थांब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

"तुझी लॅबोरेटरी चालू झाली का?"

"हो. पिन आईला दे."

साक्षीजवळ एक वही होती. पुढच्या पानांवर बाळाने किती वाजता दूध प्यायले ते लिहिलेले असे. वही उलटी करून मागच्या पानावर तिने रेघ मारली आणि लिहिले: साइट जिवंत आहे का?

तिने उधन्याच्या आपल्या मैत्रिणीला, स्नेहाला, निरोप पाठवला. स्नेहाच्या घरी दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट आहे. तिथे साइट लगेच उघडली. स्नेहाने गाणे भरून पाठवू का विचारले, पण प्रभावतीबाईंना ते उसने नको होते, आपल्याच घरात लावायचे होते. साक्षीने लिहिले: साइट जिवंत आहे.

मग तिने जुन्या फोनमध्ये साठलेला जुना मजकूर पुसला आणि दुसऱ्या ब्राउझरमधून उघडून बघितले. नाही. संध्याकाळी वर गच्चीच्या दारात, लूमच्या खटखटीतच, जुना फोन प्रमोदच्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडला. उघडले! म्हणजे जुना फोन निर्दोष. वहीत आता एकच नाव उरले होते. माझे.

तिने माझे नाव लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. ते प्रश्नचिन्ह मी आयुष्यभर विसरणार नाही. इतर सगळ्यांनी माझ्यापुढे पूर्णविराम दिला होता.

बुधवारी ती बाळाला घेऊन सात नंबरच्या खोलीत गेली. तिथे गजेंद्रचीच लाइन आहे, पण राउटर नवा, काळा, चार अँटेनांचा. (त्याचाही मला मत्सर आहे, त्याबद्दल पुन्हा कधी.) तिथेही साइट उघडली नाही. साक्षीने परत येऊन माझ्या नावावर काट मारली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, राउटरचा दोष नाही. लाइनमध्ये काहीतरी आहे."

प्रभावतीबाई सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. प्रमोदने 'हं' म्हटले. एवढीच माझी निर्दोष सुटका.

तुम्हाला इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक साइटला एक नाव असते आणि एक आकड्यांचा पत्ता असतो. नाव माणसांसाठी असते. माझ्यासारख्याला पत्ता लागतो. तुम्ही नाव सांगितले की मी कंपनीच्या यादीत तो पत्ता शोधायला सांगतो आणि मग त्या पत्त्यावर जातो. साक्षीने विचार केला की कदाचित कंपनीच्या यादीतच चूक असेल. म्हणून तिने माझ्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरी, सगळ्यांना खुली असलेली यादी लावली. पत्ता तोच मिळाला. मी त्या पत्त्याकडे निघालो आणि गजेंद्रच्या कंपनीच्या दारातच अडवला गेलो. उत्तर नाही, कारण नाही, काही नाही. पत्ता बरोबर होता, रस्ताच बंद होता.

गुरुवारी गजेंद्रला बोलावले. तो मूळचा शिरपूरचा, पण जन्म इथलाच. त्याने उंबऱ्यातूनच वरच्या ऑफिसला फोन लावला, थोडे ऐकले आणि फोन ठेवताना जरा वेगळेच हसला.

"मासी, ए तो उपरथी बंद आहे. ब्लॉकच्या लिस्टमध्ये आहे ना."

"म्हंजे?"

"म्हणजे आता... कसं बोलू. गंदी साइट असेल. तसल्याच बंद करतात. घरात पोरं काय बघतात, जरा ध्यान ठेवा."

प्रभावतीबाईंच्या हातातली लेस खाली पडली. त्या उठल्या आणि उंबऱ्यापर्यंत गेल्या.

"गजेंद्र, तिथं माही माय गाते. सत्तर वर्सांची बाई. पाळना गाते. तिले तू गंदी म्हनतो?"

"मासी, मी नाही बोललो, वरचे बोलले..."

"वरच्यायनं आयकलं का तिचं गानं?"

गजेंद्र खाली बघत निघून गेला. प्रभावतीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. शेजारच्या तीन बायकांनी उंबऱ्यातले बोलणे ऐकले होते आणि दुपारपर्यंत बाराही खोल्यांत ते पोहोचले होते. आता प्रश्न सातव्या कडव्याचा राहिला नव्हता. रविवारी याच बायका नामकरणाला येणार होत्या आणि मेलेल्या आईच्या नावावर डाग पडला होता.

प्रमोद संध्याकाळी म्हणाला, "कारखान्यातल्या एका पोराकडे ॲप आहे. टाकलं की बंद असलेलं सगळं खुलतं. कंपनीला पत्ताच लागत नाही."

"म्हंजे लपून?" प्रभावतीबाईंनी विचारले.

"तसंच."

"नाही. माह्या मायनं चोरी नाही केली. मी तिचा आवाज मागच्या दारानं नाही आननार."

बाळाला पाजता पाजता साक्षी एका हाताने फोनवर काहीतरी शोधत होती. मी तिचे प्रश्न नेत होतो आणि उत्तरे आणत होतो, आणि खरे सांगतो, इतक्या वेगाने मी त्या लॉकडाउनच्या वर्षानंतर धावलो नव्हतो. तिने साइटचा आकड्यांचा पत्ता घेतला आणि उलटा प्रश्न विचारला: या पत्त्यावर आणखी कोण कोण राहते?

उत्तर आले तेव्हा ती उठून बसली.

"आई, ह्या एका पत्त्यावर दोनशेच्या वर साइट्स आहेत. कॉलेजकडे कमी पैसे असणार, म्हणून त्यांनी स्वस्तात जागा घेतली. एका कॉम्प्युटरवर सगळ्यांची दाटी. त्यातली एक चोरून उतरवलेले सिनेमे दाखवते. कंपनीने तिला बंद करताना पूर्ण पत्ताच बंद केला असणार."

प्रभावतीबाईंनी सुई लेसमध्ये खोचली. मग म्हणाल्या, "हे तर आपल्या पलाटासारखं झालं!"

आणि मित्रांनो, खरेच तसे होते. सत्तावन्न नंबरच्या प्लॉटवर बारा खोल्या आहेत, पण पाटीवर आकडा एकच. दोन महिन्यांपूर्वी नऊ नंबरच्या खोलीतल्या एकाने वस्तू मागवून पाच वेळा परत पाठवल्या. कुरियर कंपनीने प्लॉट नंबर सत्तावन्नलाच सामान देणे बंद केले. बाळाची मच्छरदाणी त्यामुळे आली नाही. प्रभावतीबाई कोपऱ्यावर उभ्या राहून कुरियरवाल्याला सांगत होत्या, "बापा, नऊ नंबरनं केलं ते नऊ नंबरले सांग, आमी चार नंबरचे हाओत." त्याने ऐकले नव्हते. मशीनमध्ये खोलीचा नंबर लिहायला जागाच नाही, असे तो म्हणाला होता.

शुक्रवारी सकाळी प्रभावतीबाई स्वतः गजेंद्रच्या दुकानात गेल्या. साक्षी बाळाला घेऊन बरोबर होती, वही तिच्या काखेत. मी फळीवर होतो. पुढचे मला साक्षीने प्रमोदला सांगितले तेव्हा कळले. प्रभावतीबाईंनी दुकानात विचारले, "गजेंद्र, तू कोन्या पलाटात राह्यतो?"

"तुमच्याच मागे, अठ्ठावन्नमध्ये. का?"

"उद्या तुह्या अठ्ठावन्नातल्या एकानं दारू इकली अन् पोलिसानं बारा घरांले कुलूप लावलं, तं तुही माय काय म्हनन?"

गजेंद्र हसला. मग साक्षीने वही त्याच्यासमोर ठेवली. तारीख, वेळ, कोणता फोन, कोणती लाइन, काय उघडले, काय नाही. त्याने ते पान दोनदा वाचले. त्याच्या हाताखालच्या कुणी असे कधी लिहून दिले नव्हते. त्याने पानाचा फोटो काढला, वरच्या ऑफिसला पाठवला आणि फोन लावून गुजरातीत बराच वेळ भांडला. शेवटी म्हणाला, "मासी, नंबरवरून बंद होतं, आता फक्त त्या पिक्चरवाल्याचं नाव टाकून बंद करतील. सांजपर्यंत जोवो, बघा." आणि दाराशी येऊन हळू म्हणाला, "काल मी चुकीचं बोललो."

"मले नको सांगू. रविवारी ये, अन् सगळ्यांसमोर आयक."

शुक्रवारी संध्याकाळ झाली. साइट उघडली नाही. शनिवारी सकाळीही नाही. प्रमोद पुन्हा माझ्याकडे त्या नजरेने बघू लागला. दुपारी अडीचला साक्षीने शंभरावा प्रयत्न केला असेल. मी नेहमीसारखा निघालो, त्या दाराशी आलो, आणि दार उघडे होते.

गिरजाबाईंचा आवाज आधी माझ्यातून गेला. तुकड्या-तुकड्यांनी, आकड्यांच्या रूपात, पण आधी माझ्यातून. मोबाइल त्या वेळी कारखान्यात प्रमोदच्या खिशात होता. हे सांगताना मला आनंद होतो, तो मी लपवत नाही.

सातव्या दिवशी वाजली शिटी,
मामानं आनली रंगाची वाटी,
दारावर लिवली लेकीची पाटी,
जो बाई जो जो.

प्रभावतीबाईंनी ते कडवे सोळा वेळा ऐकले. पहिल्या चार वेळा त्या गाऊच शकल्या नाहीत. लेस लावायचे काम तसेच पडून राहिले. आणि त्या जुन्या, तडा गेलेल्या फोनला त्यांनी छातीशी धरले, पदराने पुसले. मला कुणी बघितलेसुद्धा नाही.

रविवारी खोलीत माणसे मावत नव्हती. पंचशील झाले. त्या तीनही बायका आल्या होत्या, गजेंद्र दाराशी उभा होता. प्रभावतीबाई गायच्या आधी एवढेच म्हणाल्या, "पह्यले माह्या मायचं आयका." फोन उंच धरला. गिरजाबाई गायल्या. मग सातव्या कडव्यापासून प्रभावतीबाईंनी आवाज उचलला आणि शेवटपर्यंत कुठेही थांबल्या नाहीत. एका बाईने डोळे पुसले. गजेंद्रने मान खाली घातली होती. मुलीचे नाव गार्गी ठेवले, आणि प्रमोदने, मामा म्हणून, त्याच दुपारी दाराच्या चौकटीवर रंगाने ते लिहिले. त्याखाली लिहिले: खोली नंबर चार.

सगळे गेल्यावर साक्षी आईला म्हणाली, "आई, आठवडाभर सगळ्यांत जास्त मार या राउटरने खाल्ला."

प्रभावतीबाईंनी माझ्याकडे बघितले. पाच वर्षांत पहिल्यांदा, काही अडलेले नसताना. त्यांनी स्टुलावर चढून मला खाली घेतले, सुईने माझ्या झरोक्यांतले तंतू एकेक करून काढले, ओल्या फडक्याने पुसले. मी पुन्हा पांढरा झालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चंदेरी लेसची, मोत्यांची कड असलेली टोपी शिवली. पूर्ण अंगभर, अँटेनांसाठी दोन भोके ठेवून. टीव्हीची झालरसुद्धा इतकी सुंदर नाही. मी मिक्सरकडे बघितले आणि मला वाटले, आता माझे काही मागणे उरले नाही.

तासाभरात मला ताप चढला. झरोके झाकले गेले होते. आतली गरमी बाहेर पडेना. दिवे लुकलुकायला लागले, गाणे अडखळायला लागले. तरी मी मनात म्हणत होतो, काढू नका, कृपा करून काढू नका. जळलो तरी चालेल, पण मला मोत्यांची कड राहू द्या.

साक्षीने हात लावून बघितला आणि टोपी काढली. माझा जीव तुटला. पण तिने ती ठेवून दिली नाही. तिने तिची चौपदरी घडी घातली, फळीवर पसरली आणि त्यावर मला बसवले. "आई, ह्याला पांघरूण नको. ह्याला हवा पाहिजे."

मित्रांनो, माझे तुमच्याकडे फार मागणे नाही. एखादी गोष्ट अडली तर हाताशी असलेल्या यंत्राच्या पाठीत थाप घालू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा. दोष सापडेपर्यंत सगळ्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, माणसांच्यासुद्धा. आणि महिन्यातून एकदा आमच्या झरोक्यांतली धूळ काढा.

मत्सर माझा गेलेला नाही. प्रमोदचा मोबाइल अजून ताटाशेजारीच बसतो. पण माझ्या बुडाखाली मोत्यांची कड आहे, आणि खाली पाळण्यात गार्गी झोपत नसली की प्रभावतीबाई फोनवर साइट उघडून वर बघतात आणि म्हणतात, "आन बापा, माह्या मायले आन."

मी आणतो.